फुकटचा सल्ला

डिसेंबर उजाडला की नाशिककरांच्या सकाळच्या चहाबरोबर एक आकडा येऊन बसतो. निफाड आठ अंश. निफाड साडेसहा. घरातली वडीलधारी मंडळी तो मोठ्याने वाचतात, सूनबाई नातवाच्या कानटोपीची गाठ घट्ट करतात आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर तो आकडा असा ऐकवला जातो, जणू काही ही थंडी आपण स्वतःच खपून उभी केली आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा दोन अंशांच्याही खाली उतरला तेव्हा गवतावरचे दव गोठल्याची छायाचित्रे छापून आली होती आणि पुढचे चार दिवस निफाड हे गाव महाराष्ट्राच्या तोंडी होते.

पण हा आकडा येतो कुठून? निफाडच्या एसटी स्टँडवर कोणी थर्मामीटर टांगून ठेवलेला नाही. तो येतो गावालगतच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करण्यासाठी १९३२ साली हे केंद्र सुरू झाले आणि आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. तपमान मोजणे हे त्याचे मुख्य काम नव्हेच. मुख्य काम गव्हाचे. या केंद्राने दिलेल्या वाणांची नावे ऐका : त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. आपण ज्या रामकुंडावर पाहुण्यांना नेतो, ज्या तपोवनात मुलांची सहल जाते, त्यांची नावे धारण केलेला गहू आपल्या जिल्ह्यातल्या शेतांत उभा राहतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. यातला गोदावरी हा बन्सी गहू, शेवयांचा आणि रव्याचा. म्हणजे आपल्या ताटाशी इतकी जवळीक असलेली संस्था आपण फक्त थर्मामीटर म्हणून ओळखतो!

आणि आकड्याखाली जे छापलेले असते ते तर कोणीच वाचत नाही. आतल्या पानावर, बारीक टायपात : द्राक्षबागांना पहाटे पाणी द्यावे, बांधावर शेकोट्या करून धूर करावा. ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त धरून ठेवते, विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते आणि धुराची चादर पसरली की जमिनीतून वर निघालेली उष्णता आकाशात चटकन पळून जात नाही. मण्यात साखर भरत आली असताना पारा असा कोसळला तर मणी तडकतात आणि तडकलेला मणी बाजारात कोणी हातात धरत नाही. त्या दोन ओळींच्या सल्ल्याची किंमत एकरी काही लाखांत जाऊ शकते. पण तो फुकट असतो. आणि आपल्या भाषेत 'फुकटचा सल्ला' हे शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो ते मी सांगायला नको.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत उभी हयात काढली आणि त्यातली निम्मीअधिक वर्षे शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. कर्जाच्या हप्त्याने घेतलेल्या राजदूत मोटारसायकलवरून निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर अशी पायपीट, किंवा म्हणा चाकपीट, केली. बाकीच्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही धंद्यांत एक साम्य आहे : समोरचा माणूस जे सांगतो त्याच्या मागे काय आहे ते शोधावे लागते. कादंबरीकाराला माणूस खोटे का बोलतो यात रस असतो, बँकवाल्याला किती रुपयांनी बोलतो यात. शेतकरी मात्र एका विषयावर मला कधी खोटे बोलला नाही, तो म्हणजे औषधांचे बिल. ते तो न विचारता काढून दाखवी.

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागाईतदाराची बिले अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. नव्वदच्या दशकाची अखेर होती. दीड एकर थॉमसन, पीककर्ज थकलेले, आणि नूतनीकरणासाठी तो कृषी सेवा केंद्राच्या बिलांचा गठ्ठा घेऊन आलेला. मला रसायनशास्त्रातले फारसे कळत नाही, पण कागद वाचायची सवय. बिलावर औषधाची तीन निरनिराळी नावे होती, तीन निरनिराळ्या कंपन्यांची. त्याला म्हटले, नाना, पुढच्या वेळी रिकामी पाकिटे घेऊन या. त्याने आणली. पाकिटावर व्यापारी नाव मोठे, रंगीत आणि आतल्या घटकाचे नाव मुंगीएवढ्या अक्षरात. तिन्ही पाकिटांत एकच घटक होता, मॅन्कोझेब. एकाच आठवड्यात, एकाच रोगासाठी, एकच औषध तीन नावांनी बागेवर गेले होते आणि तिन्हींचे पैसे आमच्या बँकेच्या कर्जातून गेले होते.

"दुकानदारानं सांगितलं साहेब, एक आतून काम करतं, एक बाहेरून, अन् एक दोन्हीकडून," नाना म्हणाले.

दुकानदार लबाडच होता असे मी म्हणणार नाही. कदाचित त्यालाही कंपनीच्या माणसाने तसेच सांगितले असेल. मुद्दा वेगळा आहे. तो सल्ला फुकट मिळाला होता, आणि फुकट मिळालेला तो जगातला सगळ्यांत महाग सल्ला होता.

ज्याला काहीही विकायचे नाही अशा माणसाने शेतकऱ्याला सल्ला द्यावा, ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत तिला एक्स्टेंशन म्हणतात, आपल्याकडे विस्तार शिक्षण असा जरा अवघडलेला शब्द रूढ झाला. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आले तेव्हापासून मराठी घरांत डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे घरच्यासारखे झाले आहेत. त्यांच्या टस्कीगी संस्थेने १९०६ साली खेचरांच्या गाडीत अवजारे, बियाणी आणि नमुने भरून ती गाडी गावोगाव फिरवली. शेतकरी शाळेत येत नाही ना, मग शाळा बांधावर जाईल. पुढे १९१४ साली अमेरिकेने कायदाच केला आणि प्रत्येक राज्याच्या कृषी महाविद्यालयाला गावात माणूस नेमण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. आपल्याकडे पुण्याचे कृषी महाविद्यालय १९०८ पासूनचे. तिथे प्राचार्य असलेले डॉ. हॅरॉल्ड मान पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरला जाऊन घराघरांचे कर्ज आणि शेताशेताचे तुकडे मोजत बसले होते. त्यांचे ते पुस्तक १९१७ साली प्रसिद्ध झाले. बँकेच्या माणसाने ते वाचले तर शंभर वर्षांत वहीचे पान काही फारसे बदललेले नाही, असे त्याला वाटेल. पिंपळे सौदागरात आज उंच इमारती उभ्या आहेत, ही गोष्ट वेगळी.

राहुरीचे विद्यापीठ १९६८ चे. आधी साऱ्या महाराष्ट्राला हे एकच, मग अकोला, परभणी आणि दापोली अशी भावंडे वेगळी झाली आणि राहुरीकडे पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्राचे दहा जिल्हे उरले. शिकवणे, संशोधन आणि विस्तार असे तीन पाय. याच विद्यापीठाचे पिंपळगाव बसवंतचे केंद्र. तिथल्या मातीत निवडलेला खरीप कांदा 'बसवंत ७८०' या नावाने गेला. त्याशिवाय कृषी विज्ञान केंद्रे. देशातले पहिले १९७४ साली पाँडिचेरीला निघाले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले एक फार लवकर, १९७६ साली, डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाडीमुळे आपल्याला माहीत असलेले कोसबाड ते हेच. नाशिकचे केंद्र यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या आवारात, गंगापूर धरणाच्या वाटेवर. रविवारी धरणावर भेळ खायला जाताना आपण त्याच्या जवळून जातो.

या मंडळींच्या सल्ल्यात भपका नसतो. एक उदाहरण देतो, मातीच्या नमुन्याचे. माती तपासून घ्या, असे सगळेच म्हणतात. १९ फेब्रुवारी २०१५ पासून तर सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची देशव्यापी योजनाच आणली. पण नमुना काढतात कसा, हे विचारले तर दहांतले आठ जण बांधावर वाकून मूठभर माती उचलतात. ती तपासली तर बांधाची तब्येत कळेल, शेताची नव्हे. विद्यापीठाची रीत अशी : शेतात नागमोडी चालत जायचे आणि आठ-दहा ठिकाणे निवडायची. झाडाखालची, विहिरीजवळची, उकिरड्याजवळची, गुरे बसतात ती आणि नुकतेच खत टाकलेली जागा सोडायची. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करायचा, आतली माती टाकून द्यायची आणि खड्ड्याच्या उभ्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी जाडीची माती खरवडून घ्यायची. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची, कापडी पिशवीत भरायची आणि नाव, गट नंबर, मागचे पीक, पुढचे पीक यांची चिठ्ठी आत टाकायची. फळबागेसाठी याहून खोल, थराथराने वेगळे नमुने.

यात कुठे यंत्र आहे? कुठे खर्च आहे? अर्ध्या दिवसाची मेहनत तेवढी. आणि तिच्यापोटी जे कळते ते असे, की निफाड-दिंडोरीच्या काही चुनखडीच्या जमिनींत वेलीचे पान पिवळे पडले तर ते युरियाच्या कमतरतेने असेलच असे नाही. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्राकडे बघावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील तर बहुधा लोह कमी पडते आहे. मातीत लोह असते, पण चुना ते मुळांना घेऊ देत नाही. तिथे युरियाची गोणी ओतणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला जेवायचा आग्रह करणे. खालचे पान की वरचे, एवढा एक प्रश्न. तो विचारायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा तो विचारला जात नाही.

पण मी विद्यापीठाची आरती ओवाळायला बसलेलो नाही. ज्ञान वरून खाली येते, साहेब सांगतो आणि शेतकरी ऐकतो, हे चित्र मुळात अर्धेच खरे आहे. त्याची सगळ्यांत गमतीदार गोष्ट आपल्या द्राक्षवाल्यांच्या रोजच्या वापरातली आहे, बोर्डो मिश्रणाची.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या द्राक्षांच्या मुळांवर एक कीड पडली. तिला दाद न देणारे वेल अमेरिकेतून आणले, तर त्यांच्याबरोबर नवा रोग आला. आपले शेतकरी ज्याला केवडा किंवा डाऊनी म्हणतात तोच. पाने जळाल्यासारखी होऊन गळू लागली. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे १८८२ च्या सुमारास मेडॉक भागातून चालले होते. बागाच्या बागा बोडक्या झालेल्या, पण रस्त्याकडेच्या ओळींची पाने मात्र टवटवीत, आणि त्यांवर निळसर-पांढरे डाग. चौकशी केली तेव्हा कळले की येणारे-जाणारे द्राक्षे तोडून खातात म्हणून रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचा काला शिंपडलेला आहे. दिसायला विषारी, चवीला कडू, म्हणजे चोर हात लावणार नाही! प्राध्यापकांनी ही चोरट्यांवरची युक्ती प्रयोगशाळेत नेली, मोजमाप ठरवले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. तेव्हापासून आजतागायत, सांगलीपासून नाशिकपर्यंत, बागाईतदार ते मिश्रण करतो आहे. ज्ञान शेतकऱ्याचे, प्रमाण विद्यापीठाचे.

आणि त्या प्रमाणात सारे आहे. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. घरच्या चार झाडांसाठी दहा लिटरला शंभर-शंभर ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत, निम्म्या-निम्म्या पाण्यात. धातूचे भांडे नको. चुना फडक्यातून गाळून घ्यायचा, मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काडीने ढवळायचे. त्यानंतर परीक्षा : लखलखीत घासलेला लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवून बाहेर काढायचा. त्यावर तांबूस पुट चढले तर मोरचूद मोकळे राहिले आहे, ते पाने भाजील. चुन्याची निवळी थोडी आणखी घालायची आणि खिळा पुन्हा बुडवायचा. पुट चढत नाही तोवर. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. चांदवडकडचे एक तात्या मला म्हणाले होते, "साहेब, ह्या खिळ्याएवढा सच्चा माणूस मी तालुक्यात पाहिला नाही." बँकेच्या माणसांचाही त्यात समावेश होता, हे उघड आहे.

हे खरे, की विद्यापीठाचाही सल्ला उताणा पडतो. २०१० सालची गोष्ट. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची नुसती पालेदार वाढ होऊ नये, काडीत घडाचे डोळे धरावेत म्हणून क्लोरमेक्वाट नावाचे वाढरोधक वापरण्याची पद्धत होती. शेतकऱ्यांच्या बोलीत सीसीसी. ते काही कोणी चोरून वापरत नव्हते. शिफारशीतच होते आणि निर्यातीच्या द्राक्षांची ज्या रसायनांसाठी तपासणी व्हायची त्या यादीत ते नव्हते. त्या वर्षी युरोपात द्राक्षे उतरली आणि तिकडच्या प्रयोगशाळेत क्लोरमेक्वाटचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, निर्यातदारांचे पैसे अडकले आणि निर्यातदारांकडे बागाईतदारांचे. तोवर २००३ सालच्या अशाच एका फटक्यानंतर देशात 'ग्रेपनेट' नावाची व्यवस्था उभी राहिली होती, प्रत्येक बागेची नोंद आणि प्रत्येक खेपेची तपासणी. तरी यादीबाहेरचे एक नाव सगळ्यांना चकवून गेले. त्या वर्षी मार्चअखेरीस आमच्या शाखेत आलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. सल्ला पाळूनच ती बुडाली होती.

त्याच्याच आदल्या नोव्हेंबरात, २००९ च्या, फयान वादळाचा पाऊस ऐन फुलोऱ्यातल्या बागांवर कोसळला होता. डाऊनीने घडच्या घड गेले. एकाच हंगामात वर आभाळ आणि खाली कागद, दोन्हींनी धोका दिला.

मग विश्वास ठेवायचा कोणावर? बँकेतल्या अनुभवावरून मी एक भेद करायला शिकलो. विद्यापीठाने २०१० नंतर शिफारशी बदलल्या, यादी वाढवली, आणि त्या छापल्या. राहुरीची 'कृषिदर्शनी' ही जाडजूड दैनंदिनी दरवर्षी निघते. जुन्या आणि नव्या प्रती शेजारी ठेवल्या तर कुठली शिफारस गेली आणि कुठली आली ते कोणालाही दिसते. दुकानातला सल्ला कुठे छापलेला नसतो. तो चुकला तर त्याचा पुरावा एवढाच, की उधारी वाढलेली असते.

मात्र दुकानदाराची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ते न्यायाचे होणार नाही. रात्री आठ वाजता पानावर डाग दिसला तर कृषी विज्ञान केंद्र बंद असते, दुकान उघडे असते. शनिवार-रविवारी शास्त्रज्ञाला सुटी असते, केवड्याला नसते. दुकानदार माल विकेपर्यंत उधार देतो. बँक कागद मागते, विद्यापीठ मातीचा नमुना मागते, आणि दुकानदार फक्त पान मागतो. २००३ साली देशभरच्या शेतकऱ्यांची राष्ट्रीय नमुना पाहणी झाली. त्यात कुठूनही काही शास्त्रीय माहिती मिळते असे सांगणारे जेमतेम चाळीस टक्के निघाले. दुकानदाराकडून मिळते म्हणणारे तेरा टक्के, सरकारी विस्तार कार्यकर्त्याकडून म्हणणारे सहासुद्धा नाहीत आणि कृषी विज्ञान केंद्राचे नाव घेणारे शंभरांत एकही पुरता नव्हता. त्याच वर्षी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने दुकानदारांनाच वर्षभराची पदविका द्यायला सुरुवात केली. तिचे इंग्रजी लघुनाव 'देसी'. मला ती कल्पना आवडली. माणसे ज्याच्या दारात जातात त्यालाच शिकवावे.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २००४ मध्ये, किसान कॉल सेंटर सुरू झाले. १८००-१८०-१५५१ हा नंबर फिरवायचा, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हवामानाचा सल्ला आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मोबाइलवर तर सल्ल्यांचा महापूर आहे. प्रत्येक गावाचा व्हॉट्सअॅप गट, प्रत्येक गटात एक फोटो आणि खाली पंधरा औषधांची नावे. त्यातला कोणता सल्ला विकणाऱ्याचा आणि कोणता न विकणाऱ्याचा हे ओळखणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे, एवढे मला दिसते.

औषधाचा विषय निघालाच आहे तर घरातल्या बाईमाणसांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. कीटकनाशकाच्या बाटलीवर एक चौकोन असतो आणि त्यात एक रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे गेली. कपाशी उंच वाढलेली, नाकाशी नळी, अंगात घामाने भिजलेला सदरा. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, रिकामी बाटली पाण्यासाठी वापरू नये, फवारल्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते बाटलीवर वाचावे. ज्या दुकानात हे सांगतात ते चांगले दुकान समजावे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे दीड एकर नाही, गॅलरीत दीड फूट आहे. तिथेही हेच. कृषी विज्ञान केंद्राचा माणूस तुमच्या गुलाबावरचा मावा बघून पहिल्यांदा विषाचे नाव घेणार नाही. पाण्याचा जोरदार फवारा मारा म्हणेल, मग निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, पाणी घालून एक लिटर करायचे, त्यात किंचित साबणाचे पाणी, आणि ऊन उतरल्यावर फवारायचे. अर्क ताजाच हवा. निंबोळ्या मे-जूनमध्ये आपल्या रस्त्याकडेला पायांखाली चिरडून जातात. त्या गोळा करून, साल काढून, सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षाची बेगमी होते. कुंडीतली माती घट्ट झाली असेल तर खतापेक्षा आधी तिचे भोक मोकळे आहे का ते पाहायचे. कुंडीतल्या झाडांना आपल्याकडे तहानेपेक्षा मायेने जास्त मरण येते. रोज सकाळी तांब्याभर, वर संध्याकाळी आजोबांचा वेगळा तांब्या. मुळांना हवा लागते, ही गोष्ट आपल्याला कधी कोणी सांगितलेलीच नसते. दोन बोटे मातीत खुपसावीत, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींच्या लिंबाची पाने पिवळी पडली होती. मोठ्या हौसेने ड्रममध्ये लावलेला लिंबू. मी त्यांना म्हटले, चला, गंगापूर रोडने तसेही जायचे आहे, केंद्रात दाखवू. प्लास्टिकच्या पिशवीत पाने आणि डब्यात माती घेऊन आम्ही गेलो. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी पान उजेडात धरले, माती बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि विचारले, "काकू, पाणी किती घालता?"

"रोज. न चुकता."

"ड्रमला खाली भोकं किती?"

"एक आहे. पण टाइल्सवर डाग पडतात म्हणून त्याला बूच लावलंय."

"बूच काढा. चार भोकं आणखी पाडा. आठ-दहा दिवस पाणी अजिबात नको. नवीन पान कसं येतं ते मला येऊन सांगा."

एवढेच. पैसे किती, असे वहिनींनी विचारले, तर ते हसले आणि पुढच्या माणसाकडे वळले. तो सिन्नरहून डाळिंबाची फांदी घेऊन आलेला होता आणि बराच वेळ अवघडून उभा होता.

गाडीत बसल्यावर वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, एवढं लांब आलो, आणि त्यांनी काही लिहूनसुद्धा दिलं नाही हो." येताना रस्त्यात त्यांनी नर्सरीपाशी गाडी थांबवायला सांगितली आणि तीनशे रुपयांची एक बाटली घेतली.